जुन्या कॅराव्हॅनच्या अंतर्भागाचे पुनरुज्जीवन

जुन्या कॅराव्हॅनच्या अंतर्भागाचे पुनरुज्जीवन म्हणजे मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या जुन्या निवासी ट्रेलरचा आतील सांगाडा, तळ, भिंती, लाकूडकाम, वीज व गॅसजोडणी मूळ स्वरूपाला धरून पुन्हा वापरायोग्य करण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेत अशा वाहनास कॅम्पर ट्रेलर म्हणतात. या कामात सजावटीपेक्षा गळती थांबवणे आणि वायुवीजन राखणे अधिक महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

निवृत्त नौदल शल्यविशारद गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे बांधून घेतलेली, घोड्यांनी ओढली जाणारी 'वाँडरर' ही केवळ हौसेच्या प्रवासासाठी बनवलेली पहिली कॅराव्हॅन समजली जाते. अमेरिकेत वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये रिव्हेट केलेल्या ॲल्युमिनियमचा 'क्लिपर' ट्रेलर आणला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

नुकसानीची कारणे

अनेक जुन्या ट्रेलरांत लाकडी सांगाड्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लायवूड आणि मध्ये उष्णतारोधक थर असतो. छताचे सांधे व खिडक्यांच्या कडा यांतून झिरपलेले पाणी या थरात साचते. त्यामुळे आतील भिंत कोरडी दिसत असतानाही सांगाडा कुजलेला असू शकतो. उल्हास नदीकाठच्या शहाड-कल्याण परिसरासारख्या दमट, जोरदार पावसाच्या भागात बंद अवस्थेत उभ्या असलेल्या वाहनात बुरशी, वाळवी आणि गंज यांचा धोका वाढतो.

कामाचा क्रम

प्रथम प्रत्येक भागाची छायाचित्रे व मापे घेतली जातात. काढलेले फलक क्रमांक घालून जपून ठेवतात. कुजलेला फलकही नव्यासाठी फर्मा म्हणून उपयोगी पडतो. त्यानंतर गळती बंद करणे, सांगाडा व तळ दुरुस्त करणे, उष्णतारोधक थर बदलणे, तारा टाकणे, भिंती बसवणे आणि शेवटी कपाटे व गाद्या असा क्रम असतो. गळती थांबण्यापूर्वी बसवलेले नवे लाकूडही कुजते.

ओलाव्याच्या जागी भारतीय मानक आयएस ७१० नुसार बनवलेले मरीन प्लायवूड वापरता येते. शहाडलगतचे उल्हासनगर फर्निचर बाजारासाठी ओळखले जाते. तथापि घरगुती फर्निचरचे जाड फलक कॅराव्हॅनला जड ठरतात. वाढलेले वजन आसावर येते आणि त्याची मांडणी असंतुलित झाल्यास ओढताना ट्रेलर हेलकावे खातो.

सुरक्षितता

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून तळालगतची वायुवीजनाची छिद्रे धूळ किंवा वारा येतो या कारणाने बुजवू नयेत. याउलट, धूर आत येऊ शकेल अशी तळातील अनावश्यक भोके बंद करणे आवश्यक असते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये जनरेटरमधून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे दोघांचा मृत्यू झाला. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची सूचना देणारे यंत्र बसवणे हितावह ठरते. २३० व्होल्टची घरगुती वीज आणि १२ व्होल्टची बॅटरीची वीज यांच्या तारा स्वतंत्र ठेवतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यावर निर्बंध आहेत. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' हा वर्ग निर्माण केला; ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरांचा त्यात समावेश नाही.