मुंबई कशी पाहावी?



आपल्या कोल्हापुरांत पाहुणा आला म्हणजे त्यास गांव दाखविणें फारसें अवघड नसतें. सकाळीं अंबाबाईचें दर्शन घ्यावें, देवळांतून बाहेर पडतांच भवानी मंडप पाहावा, दुपारीं नव्या राजवाड्यांतील संग्रहालय आणि ऊन उतरलें म्हणजे रंकाळा. एका दिवसांत बहुतेक सारें होतें आणि पाहुणा रात्रीं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला वेळेवर घरीं पोहोंचतो. हीच संवय घेऊन आपण मुंबईस जातों आणि तेथें फसतों. सुटी लागली कीं कोणीतरी वहीच्या पाठकोऱ्या पानावर पंधरा-वीस स्थळांची यादी करतो, तिकिटें काढतो, आणि तीन दिवसांनीं घरांतील सर्व मंडळी थकून, एकमेकांशीं अबोला धरून परत येतात. विचारावें तर म्हणतात, "मुंबई पाहिली." वस्तुतः त्यांनीं पाहिलेली असते ती गर्दी.

ही फसगत कां होते हें समजण्यास मुंबईचा आकार ध्यानीं घेतला पाहिजे. कोल्हापूर शहराचें क्षेत्र सुमारें ६७ चौरस किलोमीटर आहे, तर बृहन्मुंबईचें ६०० हून अधिक. २०११ च्या जनगणनेंत आपली लोकसंख्या साडेपांच लाखांच्या घरांत होती, मुंबईची १ कोटी २४ लाख. परंतु आकड्यांपेक्षांही महत्त्वाची गोष्ट ही, कीं आपलें शहर देवळाभोंवतीं गोल वाढलें, आणि मुंबई लांबट वाढली. १६६१ सालीं पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहांत मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली आणि १६६८ सालीं त्यानें ती वर्षाला दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस दिली. त्या वेळीं तेथें सात निरनिराळीं बेटें होतीं. मधल्या खाड्या भरून तीं जोडण्याचें काम पुढें कित्येक पिढ्या चाललें. तीन बाजूंस पाणी असल्यामुळें शहरास वाढण्यास मुख्यतः एकच वाट उरली, ती उत्तरेची. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती याच वाटेनें, आणि पुढें लोकवस्तीही रुळांच्या कडेकडेनेंच पसरत गेली. आज कुलाब्यापासून दहिसरपर्यंत हें शहर सुमारें ४० किलोमीटर लांब आहे.

म्हणून माझें पहिलें सांगणें असें, कीं मुंबई उसासारखी पाहावी. अख्खा ऊस कोणी एकदम तोंडांत घालीत नाहीं. आपण तो पेरापेरानें तोडून खातों. तसेंच या लांबट शहराचे मनानें तुकडे करावे आणि एका दिवशीं एकच पेर घ्यावें. सकाळीं गेटवे, दुपारीं बोरिवलीची कान्हेरी आणि संध्याकाळीं पुन्हां गिरगांव चौपाटी, असा बेत कागदावर सुंदर दिसतो. पण त्यांत दिवसाचे चार-पांच तास निव्वळ जाण्यायेण्यांत जातात. यादी करतांना स्थळ किती प्रसिद्ध आहे हें पाहूं नये. तें कोणत्या पेरांत येतें हें पाहावें. जीं त्या पेरांत बसत नाहींत तीं निर्दयपणें गाळावीं.

दुसरें सांगणें वारांविषयीं आहे, आणि तें मी अनुभवानें शिकलों आहें. पंधरा वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बहिणीस, आमच्या आक्कास, घेऊन मी मुंबईस गेलों होतों. तिच्या देवघराशेजारीं एका जुन्या दिनदर्शिकेवरचें घारापुरीच्या त्रिमूर्तीचें चित्र कित्येक वर्षें लावलेलें होतें. "एकदां ती मूर्ति समोर उभें राहून पाहायची," एवढीच तिची इच्छा होती. मी शिक्षक, वेळापत्रकें करण्यांत माझा हात धरणारा कोणी नाहीं असा माझा समज होता. शनिवार-रविवार मी दहा स्थळांनीं भरून काढले आणि सर्वांत गोड घांस शेवटीं म्हणून घारापुरी सोमवारीं ठेविली. सोमवारीं सकाळीं गेटवेपाशीं गेलों तों समजलें, कीं घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात. आक्का धक्क्याच्या कठड्याशीं बराच वेळ समुद्राकडे पाहत बसली. मग म्हणाली, "असूं दे रे. पुढच्या खेपेस." त्याच हिवाळ्यांत तिला अर्धांगाचा झटका आला. पुढची खेप आली नाहीं.

तेव्हांपासून मी प्रथम वार पाहतों आणि मग गांव पाहतों. घारापुरी आणि कान्हेरी हीं दोन्हीं सोमवारीं बंद असतात. राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारीं बंद असतें. सणावारीं यांत फरक पडूं शकतो, म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करावी. आणि ज्या एका गोष्टीसाठीं आपण जात आहों ती कधींही शेवटच्या दिवसावर टाकूं नये. शेवटच्या दिवसास चूक दुरुस्त करण्याची सवड नसते.

तिसरें सांगणें गर्दीच्या भरती-ओहोटीविषयीं. मुंबईच्या लोकल गाड्यांस समुद्राप्रमाणें भरती-ओहोटी असते. सकाळीं आठ ते अकरा सारी मुंबई दक्षिणेकडे लोटते. संध्याकाळीं साडेपांच ते साडेआठ तीच उत्तरेकडे परतते. प्रवाशानें या वेळीं तरी प्रवाहाबरोबर जाऊं नये. रविवारीं गर्दी कमी, परंतु त्या दिवशीं रुळांच्या दुरुस्तीसाठीं मेगाब्लॉक असतो, म्हणून आदल्या दिवशीं माहिती घ्यावी. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्यें पूर्णपणें सुरू झाली असून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, गिरगांव, सिद्धिविनायक, दादर अशीं स्थानकें तिच्यावर आहेत. वयस्क माणसांस लोकलच्या दारांतील रेटारेटीपेक्षां ही वाट पुष्कळ सुखाची.

यावरूनच मुक्कामाचा प्रश्न निघतो. आपल्यापैकीं बहुतेकांचा कोणी भाचा डोंबिवलीस, तर कोणी मेहुणा बोरिवलीस असतो. त्याच्याकडे उतरणें म्हणजे भाडें वांचणें, असा आपला हिशेब. परंतु चार माणसें रोज सकाळीं भर गर्दींत दक्षिणेकडे आणि संध्याकाळीं भर गर्दींत उत्तरेकडे जाणार. शिवाय दोन खोल्यांच्या घरांत नोकरीच्या माणसांची झोंप मोडणार. माझें मत असें, कीं पाहण्याच्या दिवसांत टर्मिनसच्या किंवा गिरगांवच्या आसपास साध्या, स्वच्छ ठिकाणीं उतरावें आणि नातलगांकडे एक दिवस निव्वळ भेटीसाठीं जावें. त्यांतच प्रेमही अधिक राहतें.

आतां प्रत्यक्ष बेत सांगतों. गुरुवारीं रात्रीं कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनें निघावें, म्हणजे शुक्रवारीं सकाळीं आपण ज्या ठिकाणीं उतरतों तेंच मुंबईंतील पहिलें पाहण्याचें स्थळ असतें. फ्रेडरिक स्टीव्हन्स या शिल्पज्ञानें रचलेली टर्मिनसची ही इमारत १८८७-८८ च्या सुमारास पुरी झाली आणि २००४ सालीं तिची जागतिक वारशांत गणना झाली. लोक सामान सांवरीत तिच्यांतून पळत सुटतात. आपण बाहेर येऊन, रस्ता ओलांडून, मागें वळून दहा मिनिटें तिच्याकडे पाहावें. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच. जवळच सर जे. जे. कलाशाळेचें आवार आहे. कोल्हापुरांत जन्मलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर येथेंच शिकले व येथेंच त्यांनीं शिकविलें. आपले आबालाल रहमान हेही याच शाळेचे विद्यार्थी. मुलें बरोबर असतील तर त्यांस हें अवश्य सांगावें.

विश्रांति घेऊन दुपारीं फोर्ट भाग पायीं पाहावा. येथें पूर्वीं खरोखरच किल्ला होता. १८६० नंतरच्या दशकांत गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानींत त्याचे तट पाडले गेले. त्याच काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव येऊन मुंबईंत पैसा लोटला. आज दिसणाऱ्या भव्य इमारतींच्या मागें हा इतिहास आहे. हुतात्मा चौकांत संयुक्त महाराष्ट्रासाठीं प्राण दिलेल्यांच्या स्मारकापुढें क्षणभर उभें राहावें. तेथून उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर जवळच आहेत. हा २८० फूट उंच मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. त्याला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद यांच्या आईचें नांव त्यास दिलें आहे. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावें. मात्र त्याचीं सारीं दालनें पाहण्याचा हट्ट धरूं नये, दोन निवडावीं. संध्याकाळीं मरीन ड्राइव्हवरून गिरगांव चौपाटीकडे जावें. ऑगस्ट १९२० मध्यें लोकमान्यांच्या देहाला अग्नि दिला गेला तो याच वाळूंत. तेथें त्यांचा पुतळा आहे.

शनिवार संपूर्ण घारापुरीचा. सकाळच्या पहिल्या होड्यांपैकीं एखादी गांठावी. गेटवे ऑफ इंडिया १९२४ सालीं पुरें झालें, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानींतून निघून गेली. ज्या राजाच्या आगमनाप्रीत्यर्थ ही कमान बांधली, त्याच्याच सैन्याच्या निरोपाचें ती द्वार झाली. होडीला सुमारें एक तास लागतो. डिसेंबर २०२४ मध्यें या मार्गावर एका प्रवासी होडीस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. म्हणून जीवरक्षक जाकीट कोणी आग्रह करो वा न करो, लहानथोरांनीं तें अंगांत घालावेंच. पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे होड्या बंद राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. बेटावर उतरल्यावर शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात, हें गुडघेदुखीच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

मुख्य लेण्यांत शिरल्यावर घाई करूं नये. बाहेरच्या उन्हांतून आलेल्या डोळ्यांस आंतल्या अंधाराची संवय होण्यास थोडा वेळ लागतो. तो गेला कीं समोरच्या भिंतींतून शिवाची सुमारें वीस फूट उंचीची मूर्ति हळूहळू प्रगट होते. मधलें मुख शांत, एका बाजूचें उग्र, दुसऱ्या बाजूचें कोमल, स्त्रीसारखें. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं कोणा अज्ञात कारागिरांनीं अख्ख्या खडकांतून हें कोरून काढलें. मी तेथें पुढें एकटाच गेलों. बरोबर आणलेलें तें जुनें चित्र हातांत धरून बराच वेळ उभा राहिलों. चित्रांत न आलेली गोष्ट म्हणजे तेथील शांतता; ती आक्काला सांगतां आली असती तर बरें झालें असतें.

रविवारीं मधलें पेर घ्यावें. टॅक्सीनें भल्या सकाळीं महालक्ष्मीच्या देवळांत जावें. आपल्या अंबाबाईच्या लेकरांस तें चुकवितां येणार नाहीं. जवळच समुद्रांत हाजी अलीचा दर्गा आहे. त्याची पायवाट भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाते, म्हणून वेळ पाहून जावें. मग दादरच्या समुद्रकांठीं चैत्यभूमि. १९२० सालीं आपल्या संस्थानांतील माणगांवच्या परिषदेंत शाहू महाराजांनीं ज्या तरुण विद्वानाचा गौरव केला, त्या डॉ. आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजीं येथें अंत्यसंस्कार झाले. स्वतः महाराजांनींही ६ मे १९२२ रोजीं मुंबईंतच देह ठेविला. कोल्हापूरच्या माणसास या जागीं परकें वाटण्याचें कारण नाहीं. संध्याकाळीं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसावें. आपली परतीची गाडी दादरलाही थांबते.

यांत कान्हेरी नाहीं, राणीची बाग नाहीं, चित्रनगरी नाहीं. त्या दुसऱ्या खेपेच्या. पण दुसरी खेप आपल्या हातची असतेच असें नाहीं, यास्तव निघण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकास, आणि वडील माणसांस सर्वांआधीं, एकच प्रश्न विचारावा : "तुम्हांला एकच गोष्ट पाहायला मिळणार असेल, तर ती कोणती?" जें उत्तर येईल तें पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीं, उघडें असण्याचा वार पाहून, बेतांत घालावें. बाकीची मुंबई राहिली तरी चालेल.