सालाच्या कोड्यापासून शिवजन्माच्या तारखेपर्यंत

‘इहिदे सितैन मया व अलफ’. मंत्र वाटतो ना? हे चक्क साल आहे! मराठी कारकून पत्रावर साल घालताना असं लिहीत. लिपी मोडी, भाषा मराठी, आकड्यांची नावं मात्र अरबी. इहिदे म्हणजे 1, सितैन 60, मया 100 आणि अलफ 1000. बेरीज 1161. हा झाला शुहूर सन. पत्र जानेवारीतलं असेल तर त्यात 600 मिळवायचे: 1761. म्हणजे पानिपतचं साल! तेच पत्र जून ते डिसेंबरमधलं असेल तर मिळवायचे 599, कारण हे वर्ष बदलतं सूर्य मृगात शिरला की. म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणत.

ही उठाठेव कशासाठी? हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. ते सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळे त्याचे महिने ऋतूंमधून मागे मागे सरकत राहतात. सारा मात्र पिकावर वसूल करायचा. मग वर्ष सूर्याचं घेतलं, महिने ठेवले चंद्राचे. पत्रात ‘छ’ लिहून पुढे मोहरम, सफर, रमजान अशी तारीख येते. यातून एक गंमत होते. मृगसालाच्या पहिल्या दहा-अकरा दिवसांतल्या तारखा त्याच सालाच्या शेवटी पुन्हा येतात! अशा वेळी पत्र आरंभाचं की अखेरचं, हे त्यातल्या माणसांवरून आणि घटनांवरून ठरवावं लागतं.

अशी कोडी ज्यांत दडली आहेत ते सुमारे 15 लाख मोडी कागद पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वास्तूत आहेत. ही वास्तू भारत इतिहास संशोधक मंडळाची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी मंडळ स्थापन केलं. राजवाडे त्याआधीपासूनच गावोगाव वाडे पालथे घालत, दप्तरं उघडत हिंडत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 सालचा, आणि त्यातली पत्रं पानिपतच्याच काळातली. मंडळात कागदांच्या जोडीला पोथ्या आहेत, नाणी आहेत, लघुचित्रं आहेत.

मोडी कागद जवळून पाहावा. लेखक आधी कागदभर आडवी रेघ ओढी आणि मग दोरीवर धुणं वाळत घालावं तशी अक्षरं तिला लटकवत जाई. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा नाही. ‘दिन’ की ‘दीन’, हे संदर्भानंच लावायचं. म्हणून मोडी येणं म्हणजे नुसती बाराखडी येणं नव्हे. शब्द कुठे तुटतो, नाव कुठे संपतं, हे ओळखता आलं पाहिजे. मंडळाचे मोडी वर्ग हेच शिकवतात, आणि तिथे नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी अशी कुणीही मंडळी बसू शकतात.

कागद मिळाला, वाचला, तरी तो लगेच इतिहास होत नाही. मंडळाच्या पाक्षिक सभांची परंपरा इथे कामाला येते. अभ्यासकानं नवा कागद चारचौघांत वाचायचा, मग जाणकारांनी तो पारखायचा: साल बसतं का, शिक्का खरा का, त्या दिवशी ती व्यक्ती त्या गावी असू शकते का? जे टिकेल ते त्रैमासिकात छापायचं. ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकानं या शिस्तीत उभी हयात घातली आणि नवख्यांसाठी ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तकही लिहून ठेवलं.

एका घराण्याचं बाड काय करू शकतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे कारीच्या जेधे देशमुखांची शकावली. शिवाजी महाराजांचा जन्म 1627 सालचा, असं दीर्घकाळ मानलं जाई. जेध्यांकडची ही टिपणवही लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 साली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली गेली. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नंही तिला दुजोरा दिला. वाद बरीच वर्षं चालला, पण आज शासकीय शिवजयंती याच तारखेला होते. एका घरानं वही जपली, ती बाहेर दिली, म्हणून अख्ख्या महाराष्ट्राच्या कॅलेंडरातली एक तारीख बदलली!

अशी बाडं अजूनही माळ्यावर, देवघराच्या फडताळात, जुन्या पेटीत पडून असतील. मोडी कागद सापडला तर तो रद्दीत घालू नका, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नका. आहे त्या घडीत, कोरड्या सुती फडक्यात ठेवा आणि जवळच्या मंडळात दाखवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. मूळ कागद द्यायचा नसेल तर निदान त्याची छायाचित्रं काढू द्या. कदाचित तो नुसता उसनवारीचा हिशेब निघेल. निघू दे! त्या सालचा धान्याचा भाव सांगायला तोच साक्षीदार लागतो.