दम का तुटतो?

रमजान ईद होऊन आठवडा झाला होता. आमची लेक पोलीस भरतीची तयारी करते. महिलांच्या मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण ८०० मीटर धावण्याला असतात. रमजानपूर्वी ती हे अंतर ३ मिनिटे ५ सेकंदांत कापायची. त्या दिवशी फजरनंतर मैदानावर गेलो, तर ३ मिनिटे ४० सेकंद लागले. "अब्बा, पाय उचलतच नाहीत," एवढेच ती म्हणाली.

आम्ही दोघांनी आधी चूकच केली. महिनाभर सराव सुटला आहे, आता दुप्पट धाव, असे तिला सांगितले. पंधरा दिवस ती जीव तोडून धावली आणि वेळ आणखी वाढली. नातेवाइकांत बोलणी सुरू झाली. कुणी रोज्यांना दोष दिला, कुणी म्हणाले, मुलीला कशाला धावायला लावता?

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. हिमोग्लोबिन ९.६ निघाले. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. स्नायूंपर्यंत प्राणवायू पोहोचवणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर दम टिकणार कसा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे हे घरोघरचे दुखणे आहे.

डॉक्टरांनी समजावले, की दोष रोज्यांचा नाही. मासिक पाळीत लोह जाते आणि आहारातून ते पुरेसे भरून निघत नाही. त्यात आमच्या घरात सहेरीनंतर चहा, इफ्तारनंतर चहा. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. आम्ही चहा जेवणापासून तासभर दूर नेला. डाळ, मेथी, खिमा यांवर लिंबू पिळू लागलो, कारण लिंबामुळे लोह चांगले शोषले जाते. गोळ्या मात्र तपासणीशिवाय कुणी घेऊ नयेत.

दुसरे कारण सराव सुटण्याचे होतेच. धावणे थांबले की दोन-तीन आठवड्यांत रक्तातील द्रव भाग घटतो आणि हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा कमी रक्त पुढे ढकलते. हे भरून निघते, पण घाईने नाही. म्हणून पहिले काही आठवडे ती आठवड्यातून चार दिवस फक्त भरभर चालली आणि मधूनमधून हळू धावली. धावताना बोलता आले पाहिजे, एवढाच वेग. हिमोग्लोबिन वाढू लागल्यावर आठवड्यातून एकच दिवस जोरात धावणे सुरू केले. तीन महिन्यांनी घड्याळात पुन्हा ३ मिनिटे ८ सेकंद दिसले. भरती अजून व्हायची आहे, पण घरातला ताण उतरला.

मुलीला धावायला का लावता, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सुनन अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये मिळाले. हजरत आयेशा (रजि.) सांगतात, की एका सफरीत त्यांनी पैगंबर (सल्ल.) यांच्याशी शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा पैगंबर (सल्ल.) पुढे गेले आणि मागच्या शर्यतीची परतफेड झाली, असे म्हणाले. धावणेही होते, दम कमी होणेही होते, आणि त्यात कुणाला कमीपणा नव्हता.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. घरातली मुलगी "दमते" म्हणाली तर तिला आळशी ठरवण्याआधी तिचे रक्त तपासून घ्या. धावताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर धावणे तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. आम्ही पंधरा दिवस वाया घालवले, तुम्ही घालवू नका.