विश्लेषण : नदीकाठ खासगी, पण भरतीचे पाणी सर्वांचे! इंग्लंडमध्ये ट्राउट आणि बोय फुकट पकडता येतात, ते कसे?

इंग्लंडमध्ये नदीकाठी बसून गळ टाकायचा, तर बहुतेक ठिकाणी आधी कुणाची तरी परवानगी काढावी लागते. काठाची जमीन ज्याची, मासे पकडण्याचा हक्कही त्याचा, असा तिथला नियम आहे. एखाद्या क्लबचे सदस्यत्व घ्या किंवा दिवसाचे तिकीट काढा, मगच गळ पाण्यात टाकता येतो. समुद्राची भरती जिथवर चढते, तिथे मात्र हे चित्र पालटते. त्या पट्ट्यात मासे पकडण्याचा हक्क जनतेचा मानला जातो आणि त्यासाठी कुणालाही भाडे द्यावे लागत नाही. ट्राउट आणि बोय (मुलेट) या दोन माशांसाठी हौशी मंडळी अशा पट्ट्यांच्या शोधात असतात. पण ‘फुकट’ म्हणजे नेमके काय फुकट? परवाना लागतो की नाही? आणि हक्क शाबूत असला, तरी मासे शाबूत आहेत का?

भरतीचा पट्टा म्हणजे नेमका कुठपर्यंत?

दक्षिण इंग्लंडमधील वेस्ट ससेक्स परगण्यातली अ‍ॅरन नदी हे याचे चांगले उदाहरण आहे. ही नदी लिटलहॅम्प्टन येथे इंग्लिश खाडीला मिळते. मात्र भरतीचा परिणाम तिथून सुमारे ४० किलोमीटर आत, पुलबरो गावाच्याही वरच्या पॅलिंगहॅमपर्यंत जाणवतो. वाटेत अ‍ॅरंडेल हे किल्ल्याचे गाव आणि अ‍ॅम्बर्ली हे छोटे खेडे लागते. लिटलहॅम्प्टनला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे अ‍ॅरंडेलच्या पुलाखाली दिवसातून दोनदा प्रवाहाची दिशाच उलटते.

भरतीच्या पट्ट्यातले सगळेच पाणी खारे नसते. मुखाजवळ ते समुद्राइतके खारट, मधे मचूळ आणि वरच्या टोकाला जवळजवळ गोडे असते. तिथे भरतीमुळे नदीचे पाणी नुसते फुगते. म्हणूनच एकाच पट्ट्यात खाली समुद्रातले मासे आणि वर गोड्या पाण्यातले मासे सापडतात.

हा हक्क खरेच मॅग्ना कार्टातून आला का?

‘मॅग्ना कार्टाने आम्हाला हा हक्क दिला,’ असे इंग्लंडमधील हौशी मासेमार हमखास सांगतात. ते पूर्ण खरे नाही. १२१५ च्या या सनदेतील ३३ व्या कलमात टेम्स, मेडवे आणि देशातील इतर नद्यांमधले मासे अडवण्याचे बांध काढून टाकावेत, असे म्हटले होते. या बांधांमुळे नावांची वाट अडत असे, ही त्यामागची मुख्य तक्रार होती. सामान्य माणसाच्या मासेमारीच्या हक्काचा त्या कलमात उल्लेखही नाही.

पुढच्या शतकांत न्यायालयांनी सनदेतील तरतुदींचा अर्थ विस्तारला. भरतीच्या पाण्यात कुणा एकाला मासेमारीचा मक्ता देण्याचा राजाचा अधिकार या सनदेने संपला, असे मानले जाऊ लागले. १८६३ मध्ये आयर्लंडमधील शॅनन नदीच्या वादात हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व पक्के केले. त्यानुसार भरतीच्या पाण्यातील मासेमारी सर्वांसाठी खुली आहे. अपवाद फक्त दुसऱ्या हेन्रीच्या मृत्यूच्या, म्हणजे ११८९ च्या आधीपासून चालत आलेल्या खासगी मक्त्यांचा. हॅम्पशायरमधील ब्यूली नदीचा भरतीचा भागही एका जुन्या जहागिरीच्या मालकीचा आहे, तो याच कारणाने लक्षात राहतो. स्कॉटलंडचा कायदा आणखी वेगळा आहे. तिथे सामन आणि समुद्री ट्राउट पकडण्याचा हक्क समुद्रातही खासगी मालमत्ता असू शकतो.

मग फुकट काय आणि विकत काय?

पहिली गोष्ट, पाण्यावरचा हक्क म्हणजे जमिनीवरचा हक्क नव्हे. भरतीच्या पट्ट्यात मासे पकडायला मोकळीक असली, तरी तिथे पोहोचण्यासाठी कुणाच्या शेतातून जाता येत नाही. काठ सार्वजनिक असेल, सरकारी घाट असेल किंवा होडीतून जाणे शक्य असेल, तरच हा हक्क उपयोगी पडतो. काठावरून सार्वजनिक पायवाट जात असली, तरी ती चालण्यासाठी असते. तिथे खुर्ची मांडून दिवसभर बसण्याची मुभा त्यातून आपोआप मिळत नाही. अनेक भरतीच्या नद्यांवर क्लब शेतकऱ्यांकडून काठ भाड्याने घेतात. तिथे क्लबच्या तिकिटाचे पैसे माशांसाठी नव्हे, तर काठावर बसण्यासाठी असतात. म्हणून ‘फुकट’ पट्टे बहुधा गावाच्या मध्यभागी, बंदराच्या धक्क्यावर किंवा पुलाजवळ सापडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे परवाना. इंग्लंडमध्ये नदीत ट्राउट, समुद्री ट्राउट, सामन, ईल किंवा गोड्या पाण्यातील इतर मासे गळाने पकडायचे, तर १३ वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा परवाना लागतो. पाणी भरतीचे असले तरी त्यातून सुटका नाही. एक दिवस, आठ दिवस किंवा बारा महिने असे त्याचे प्रकार आहेत. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना तो मोफत मिळतो, मात्र काढावा लागतोच. समुद्री ट्राउटसाठी साध्या ट्राउटपेक्षा वेगळा आणि महाग परवाना असतो. विनापरवाना पकडले गेल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

बोय, बास, फ्लाउंडर हे समुद्री मासे मानले जातात. ते गळाने पकडायला परवाना लागत नाही. त्यामुळे एकाच धक्क्यावर शेजारी बसलेल्या दोघांपैकी बोयीसाठी बसलेल्याला काहीच लागत नाही, तर ट्राउटसाठी बसलेल्याच्या खिशात परवाना असावा लागतो. बोयीच्या गळाला चुकून समुद्री ट्राउट लागला आणि परवाना नसेल, तर तो लगेच पाण्यात सोडून द्यावा लागतो. हिवाळ्यात, विणीच्या काळात ट्राउट पकडायला बंदी असते. तिच्या तारखा प्रदेशानुसार बदलतात.

आमिषाचे काय? ओहोटीच्या वेळी चिखलातून किडे उकरून काढणे हा मासेमारीच्या सार्वजनिक हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने १९९३ मध्ये मान्य केले. पण ते स्वतःच्या गळापुरतेच. विकण्यासाठी उकरणे त्यात बसत नाही.

समुद्री ट्राउट हा वेगळा मासा आहे का?

नाही. नदीतला तपकिरी ट्राउट आणि समुद्री ट्राउट ही एकच जात, ‘साल्मो ट्रुटा’. एकाच विणीतली काही पिल्ले आयुष्यभर ओढ्यात राहतात, तर काही समुद्राकडे जातात. समुद्रात खाणे मुबलक मिळते, त्यामुळे जाणारी पिल्ले झपाट्याने वाढतात, अंगावर चंदेरी झाक येते आणि पुढे अंडी घालायला ती नदीत परततात. समुद्रात जाणाऱ्यांमध्ये माद्यांचे प्रमाण अधिक असते. मोठी मादी जास्त अंडी घालते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. वेल्समध्ये या माशाला ‘स्युइन’ म्हणतात, तर डेव्हनमध्ये ‘पील’.

अ‍ॅरनमध्ये येणारा समुद्री ट्राउट भरतीच्या पट्ट्यात मुक्काम करत नाही. वर पाऊस झाला आणि नदीला पाणी आले, की तो भरतीबरोबर वर सरकतो आणि पश्चिम रॉदरसारख्या उपनद्यांच्या गार, वाळू-गोट्यांच्या ओढ्यांकडे निघतो. म्हणून खालच्या पट्ट्यात तो गळाला लागणे हा बराचसा योगायोगाचा भाग असतो. संध्याकाळ, गढूळ न झालेले पाणी आणि चढती भरती जुळून आली, तर संधी वाढते.

भारतीयांनाही तपकिरी ट्राउट अनोळखी नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून त्याची अंडी जहाजाने आणून काश्मीरच्या नद्यांत ट्राउट रुजवला.

आणि बोय? ती तर कोकणातही आहे!

बोय किंवा बोईट कोकणातल्या खाड्यांत घरोघरची. इंग्लंडमधील बोय त्याच कुळातील, पण जाती वेगळ्या. तिथे जाड ओठांची, पातळ ओठांची आणि सोनेरी, अशा तीन जाती आढळतात. सवयी मात्र ओळखीच्या आहेत. भरतीचे पाणी चिखलावर चढू लागले, की बोयींचा थवा त्याच्या पुढच्या कडेबरोबर आत येतो. चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खातो आणि ओहोटी लागताच माघारी फिरतो. वाळूसकट गिळलेले हे खाणे दळण्यासाठी तिच्या पोटात कोंबडीच्या पेटीसारखा जाड स्नायूंचा भाग असतो.

खाणेच असे असल्याने गळाला लावलेला किडा किंवा मासळीचा तुकडा ती सहसा हुंगतही नाही. म्हणून इंग्लंडमध्ये पाव वापरतात. भिजवलेला पाव कुस्करून तासभर पाण्यात टाकत राहायचे. थवा पाव खायला सरावला, की बारीक गळाला पावाचा मऊ तुकडा लावून सोडायचा. पातळ ओठांची बोय मात्र फिरत्या पातीच्या छोट्या गळाला चिखलातला किडा लावला, की त्याच्यामागे धावते. ही जात मचूळ पाण्यातून गोड्या पाण्यापर्यंत चढत असल्याने भरतीच्या नदीत तीच अधिक वरपर्यंत भेटते. ओठ नाजूक असल्याने गळ फाटून निसटण्याची भीती असते. त्यामुळे घाईने ओढून चालत नाही.

अ‍ॅरनच्या काठी या दोन्ही माशांची ख्याती जुनी आहे. आयझॅक वॉल्टन यांच्या १६५३ च्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या ग्रंथात ससेक्सच्या अभिमानाच्या माशांमध्ये अ‍ॅरंडेलची बोय आणि अ‍ॅम्बर्लीचा ट्राउट यांची नावे शेजारी शेजारी आहेत. अ‍ॅरंडेलच्या फुटबॉल क्लबचे टोपणनावही ‘मुलेट्स’ असेच आहे.

भरतीचे गणित का महत्त्वाचे?

भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. उधाणाला पाणी जोरात येते, चिखलाचा मोठा भाग झाकला जातो आणि बोय खूप आतवर शिरते. पण अ‍ॅरनसारख्या वेगवान नदीत त्या जोरात फ्लोट एका जागी ठरत नाही. त्यामुळे भरती भरत आलेली असताना आणि ओहोटी लागण्यापूर्वी पाणी थबकते, तो अर्धा-पाऊण तास मोलाचा. हीच वेळ धोक्याचीही असते. मऊ चिखलात पाय रुतणे, मागून पाणी चढून परतीची वाट बुडणे, हे प्रकार भरतीच्या नदीवर नवखे करतात. स्थानिक वेळापत्रक न पाहता काठावर उतरू नये, हा तिथला पहिला धडा.

हक्क आहे, पण मासे टिकतील का?

खरा प्रश्न इथे आहे. खासगी पट्ट्यावर मालक किंवा क्लब किती मासे न्यायचे ते ठरवतो, काठाची देखभाल करतो. जनतेच्या पट्ट्याला असा रखवालदार नसतो. इंग्लंडमधील अवघ्या १४ टक्के नद्यांची पर्यावरणीय स्थिती ‘चांगली’ असल्याचे २०२० मध्ये एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने जाहीर केले. पावसाचे पाणी वाढले, की सांडपाण्याच्या वाहिन्या नदीत मोकळ्या सोडण्याची तिथे सोय आहे. २०२३ मध्ये असे सांडपाणी सोडण्याचे एकूण तास ३६ लाखांवर गेले. याशिवाय जुने बांध समुद्री ट्राउटची वाट अडवतात आणि कोरड्या उन्हाळ्यात ओढ्यांना पाणीच उरत नाही. स्थानिक संस्था ओढे आणि काठ पूर्ववत करण्यासाठी झटत आहेत.

बोयीचा प्रश्न वेगळा आहे. थंड पाण्यात ती फार सावकाश वाढते. जाड ओठांच्या मादीला पहिली अंडी घालायला दहाएक वर्षे लागतात. म्हणजे तीन-चार पौंडांची बोय बरीच वयस्कर असते. जाळ्यात एक थवा सापडला, तर तो भरून यायला दशक जाऊ शकते. म्हणूनच बोयीसाठी बसणारे बहुतेक हौशी मासेमार मासा मोजून, फोटो काढून परत सोडतात.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

सर्वांच्या पाण्यात सर्वांनी कसे वागावे, हा प्रश्न मुंबईलाही पडला होता. १८७६ मध्ये ‘बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावुचा’ या मच्छीमारांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने समुद्रातील मासेमारीचा हक्क सर्वांचा असल्याचे म्हटले. मात्र तो वाजवी रीतीने आणि दुसऱ्याच्या त्याच हक्काला आडकाठी न करता बजावला पाहिजे, अशी अटही त्याला जोडली. अ‍ॅरनच्या काठावर आज तीच अट लागू करायची, तर ‘दुसरा’ म्हणजे फक्त शेजारी बसलेला मासेमार नव्हे. दहा वर्षांनी त्याच धक्क्यावर गळ घेऊन येणारा मुलगाही त्यात धरावा लागेल.