बाथरूम जुने, पाणी चार दिवसांनी : सोलापुरात स्वतः काम काढायचे तर सुरुवात टाइल्सपासून नको

सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस हा घरातला महत्त्वाचा वार असतो. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून येते, टाकळी आणि हिप्परग्याची भर पडते, आणि तरी शहराच्या अनेक भागांत गेली कित्येक वर्षे पाणी रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड येते, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे इथल्या जुन्या घरातले बाथरूम ही आंघोळीची जागा कमी आणि पाण्याचे कोठार जास्त असते. एका कोपऱ्यात दोनशे लिटरचे पिंप, शेजारी घागरी, भिंतीला टेकलेला जुना बंब, आणि उरलेल्या जागेत पाट टाकून आंघोळ.

अशा बाथरूमचे नूतनीकरण स्वतःच करावे, मजुरी वाचवावी, असे आता अनेकांना वाटते. मोबाइलवर ‘दोन दिवसांत बाथरूमचा कायापालट’ दाखवणारे व्हिडिओ रोज दिसतात. त्यांत चकचकीत टाइल्स असतात, शॉवर असतो, काचेचे दार असते. फक्त ते बाथरूम चोवीस तास पाणी असलेल्या गावातले असते. सोलापुरात तोच नमुना जसाच्या तसा उचलला, तर पिंप कुठे ठेवायचे हा प्रश्न टाइल्स बसवून झाल्यावर पडतो.

आधी हिशेब पाण्याचा

पाच जणांच्या कुटुंबात प्रत्येकी एक बादली, म्हणजे सुमारे वीस लिटर धरले, तरी नुसत्या आंघोळीला रोज १०० लिटर लागतात. चार दिवसांचे झाले ४००. दोन पिंपे फक्त एवढ्यासाठीच. त्यामुळे नव्या आराखड्यात पहिली जागा पिंपांची, मग बाकीच्या गोष्टींची. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते. पाच मिनिटांत दोन बादल्या संपल्या. हौस म्हणून शॉवर लावायला हरकत नाही, पण खालच्या नळाला चांगला जोर आणि बादली सहज मावेल एवढी उंची ठेवणे जास्त उपयोगाचे.

पिंपे हटवून वर टाकी बसवायचा मोह होतो. आरसीसी स्लॅब असेल तर ठीक. पण जुन्या पेठांमध्ये धाब्याची घरे अजून आहेत. ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन, आणि धाब्याच्या लाकडांना आतून वाळवी लागली आहे की नाही हे खालून दिसत नाही. अशा छतावर टाकी चढवण्याआधी बांधकाम अभियंत्याला दाखवायलाच हवे. तोवर पिंपे जमिनीवर आहेत तीच बरी.

शहाबादी फरशी काढायची का?

जुन्या सोलापुरी न्हाणीत खाली शहाबादी फरशी हमखास सापडते. कारण सोपे आहे : सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागते. दगड जवळचा, म्हणून स्वस्त. नूतनीकरण म्हटले की पहिला घाव या फरशीवर पडतो. तो पडण्याआधी दहा मिनिटे थांबावे.

रुपयाचे नाणे किंवा चमच्याची मूठ घेऊन प्रत्येक फरशीवर टकटक करावे. आवाज भरीव आला, फरशी हलत नसेल आणि ओतलेले पाणी सरळ जाळीकडे जात असेल, तर फरशी तशीच ठेवण्यात शहाणपण आहे. खरबरीत शहाबादी ही ओल्या पायाखाली चकचकीत टाइल्सपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. तिचा खरा शत्रू म्हणजे घराघरांत वापरले जाणारे ॲसिड. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडले की फेस येतो, तो मळाचा नव्हे, दगड विरघळत असल्याचा. दर महिन्याला ‘स्वच्छता’ करत करत फरशीचा पृष्ठभाग आणि तिचे सांधे दोन्ही झिजतात, मग तिथून पाणी खाली मुरते. लिंबू किंवा व्हिनेगरही या दगडावर नको. साबण, गरम पाणी आणि ताठ ब्रश पुरेसा. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच करू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

फरशीच्या दरजा नव्याने भरणे हे घरच्या घरी जमणारे उत्तम काम आहे. जुना सिमेंटचा चुरा बारीक छन्नीने अर्धा इंच खोल खरवडायचा, झाडून-धुऊन काढायचा, आणि त्यात वॉटरप्रूफिंग द्रावण मिसळलेले सिमेंट किंवा इपॉक्सी ग्राउट दाबून भरायचे. इपॉक्सी महाग पडते आणि लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालवावे. एका रविवारचे काम. अनेक घरांत एवढ्यानेच गळती थांबते आणि पुढचा सगळा खर्च वाचतो.

भिंतीला भेग, कारण मोरीत

गळती थांबवण्याला सोलापुरात आणखी एक कारण आहे. शहराच्या मोठ्या भागाखाली काळी माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मोरीचा पाइप जमिनीखाली फुटला असेल, तर पायाच्या एका बाजूची माती कायम ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहते. मग न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीत तिरकी भेग पडते. घरमालक ती दरवर्षी दिवाळीला लांबीने बुजवतो आणि ती दरवर्षी पुन्हा उघडते. अशी भेग असेल तर टाइल्सचे दुकान गाठण्याआधी सांडपाण्याची लाइन तपासावी. चेंबरचे झाकण उघडून आत रंगवलेले पाणी सोडले की किती पाणी बाहेर पडते आणि किती वाटेतच मुरते याचा अंदाज येतो.

वास येत असेल तर मात्र दरवेळी पाइपच दोषी नसतो. जाळीखालच्या वळणात दोन इंच पाणी साठून राहायला हवे. तेच गटारातला वायू अडवते. प्लंबिंगच्या देशभरच्या परिभाषेत या वळणाला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, म्हणजे आपलीच न्हाणी तिथे पोहोचली आहे. उन्हाळ्यात घर पंधरा दिवस बंद राहिले की हे पाणी उडून जाते. एक तांब्या पाणी ओतले की वास बंद. ट्रॅपच नसेल, पाइप सरळ गटाराला जोडलेला असेल, तर तो बदलल्याशिवाय वरचे काम सुरू करू नये.

फोडायचेच ठरले तर

फरशी पोकळ वाजते, पाणी दाराकडे येते, जुने लोखंडी पाइप गंजून लाल पाणी देतात : मग फोडण्याला पर्याय नाही. फोडण्याचे काम स्वतः करता येते, पण हातमोजे, चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क हवाच. टाइल कापताना पाणी टाकत कापावे; कोरडी धूळ फुप्फुसात बसते. बाथरूमवर सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्याला भोक पाडू नये, तो कापू किंवा घासू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. राडारोडा गटारात किंवा रस्त्याकडेला टाकण्याऐवजी तो उचलण्याची व्यवस्था महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आधी विचारून ठेवावी.

नवीन पाइप टाकताना गरम-गार दोन्हींसाठी सीपीव्हीसी चालतो. जोड चिकटवणे अवघड नाही, पण भिंतीतली झिरी बुजवण्याआधी पाइपात पाणी भरून एक रात्र ठेवावे. एकदा टाइल लागली की थेंबाथेंबाने गळणारा जोड शोधायला तीच टाइल फोडावी लागते.

आता उतार. सगळ्या कामात सर्वात जास्त चुकणारी आणि नंतर कधीच न सुधारता येणारी ही गोष्ट. साधारण ८० ला १ असा उतार धरावा, म्हणजे पावणेसात फुटांना एक इंच. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये दारापासून समोरच्या कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत एक इंचभर. पाणसळ ठेवून, भिंतीवर चारही बाजूंनी खूण करून, दोरी ताणून मगच कोबा टाकावा. दोन बाय दोन फुटांच्या मोठ्या टाइल्स दिसायला छान असल्या, तरी छोट्या जागेत त्या उताराला वळत नाहीत. खाली फूटभराच्या, न घसरणाऱ्या टाइल्स घ्याव्यात.

माल किती लागेल? याच बाथरूमची जमीन २४ चौरस फूट. भिंतींचा घेर २० फूट, उंची ७ फूट, म्हणजे १४० चौरस फूट. दाराचे सुमारे १८ वजा केले तर १२२. दोन्ही मिळून १४६, आणि कापण्यात-फुटण्यात दहा टक्के धरले की १६० चौरस फूट. दुकानदार २०० सांगत असेल तर हा हिशेब कागदावर पुढे ठेवावा.

पाण्याची चाचणी, पाण्याच्या दिवशी

कोब्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावे लागतात, एक आडवा, एक उभा. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात जाळी चिकटवून, भिंतीवर किमान फूटभर, अंगावर पाणी पडते तिथे आणखी वर. ते सुकले की जाळीचे तोंड बंद करून दोन इंच पाणी भरून निदान २४ तास ठेवायचे. चार बाय सहाला यासाठी सुमारे ११३ लिटर पाणी लागते. सोलापुरात एवढे पाणी चाचणीसाठी ओतायचे म्हणजे जिवावर येते, म्हणून बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. उपाय एकच : कामाचे दिवस पाण्याच्या वारावरून मोजावेत आणि चाचणी पाणी येण्याच्या दिवशी लावावी. चाचणीनंतर हेच पाणी उपसून पुढच्या कामाला वापरता येते.

इथल्या कोरड्या हवेत पाणी आपोआपही कमी होते, त्यामुळे घाबरायला होते. शेजारी एक भरलेली बादली ठेवून तिच्यावर आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ती हवा. भिंतीवरची जास्त उतरली तर गळती. मे महिन्यात पारा चाळीशीच्या वर असताना सिमेंट ओले राहत नाही आणि तडकते. दिवाळी झाली की गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येण्याआधीचे दिवस या कामाला सर्वात चांगले.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर ही चाचणी गाळूच नये. खालच्या घराच्या छताला ओल आली, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय-सिंकच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकावर येतो. शिवाय रोज जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याशी वितुष्ट येते ते वेगळे.

इथे हात आवरावा

वीज आणि गॅस ही दोन कामे स्वतः करू नयेत, मग कितीही व्हिडिओ पाहिलेले असोत. जुन्या घरांत अर्थिंगची तार नसतेच किंवा कुठेतरी तुटलेली असते. दोन किलोवॉटच्या गिझरला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. हे परवानाधारक वायरमनचे काम. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो वर्ष-दोन वर्षांनी काढून घ्यावा.

गॅस गिझरची गोष्ट याहून गंभीर. छोट्या, खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये तो जळत राहिला की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर येते तेव्हा कडी काढण्याइतके बळ उरलेले नसते. राज्यात थंडीच्या दिवसांत असे मृत्यू होतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. बंबालाही हाच नियम. आणि काम काढलेच आहे तर भिंतीत वर एक कायम उघडा राहणारा झरोका ठेवावा.

त्याच वेळी दाराकडेही बघावे. जुन्या न्हाणीचे दार बहुधा आत उघडते. आत कोणी घसरून पडले तर तीच व्यक्ती दाराला अडसर होते आणि बाहेरच्यांना दार तोडावे लागते. सुतार आला असेल तेव्हा दार बाहेर उघडणारे करून घ्यावे, कडी बाहेरूनही काढता येईल अशी बसवावी. मोरीचा जुना उंच कठडा आजी-आजोबांना ओलांडावा लागत असेल तर तो फोडावा. आधाराचा दांडा टाइल्स लागल्यानंतर नव्हे, आधीच जागा ठरवून विटांत पक्का बसवावा, कारण नुसत्या टाइलमध्ये ठोकलेला दांडा नेमका हात पडताच निखळतो.

टाइल्समधला ग्राउट भरल्यावर निदान एक दिवस बाथरूम कोरडे ठेवावे लागते. एकच न्हाणी असलेल्या घरात त्या दिवशी आंघोळी कुठे करायच्या, हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.