कागद मोबाईलमध्ये आहेत, पण सुरक्षित आहेत का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि आपल्या जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भागातली दगड-मातीची घरं कोसळली. पेटीतले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात पुराचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. घर सावरता येईल, पण कागदांचं काय?

आज बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं, "फोटो काढून ठेवलाय की मोबाईलमध्ये." पण मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोत शिक्का आणि बारीक अक्षरं पुसट होतात. मग मुलीच्या स्कॉलरशिपचा किंवा अब्बांच्या हजचा अर्ज भरताना धावपळ होते.

मग ठेवायचे कुठे?

१. डिजिलॉकर : केंद्र सरकारची ही मोफत सोय २०१५ पासून आहे. यात एक फरक नीट समजून घ्या. आधार, वाहन परवाना, दहावी-बारावीची गुणपत्रिका असे जे कागद सरकारी खात्याकडून थेट तुमच्या खात्यात येतात, ते कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. तुम्ही स्वतः स्कॅन करून टाकलेल्या कागदाला तो दर्जा नाही, ती फक्त प्रत. खातं उघडताना मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको.

२. गूगल ड्राइव्हसारखी जागा : निकाहनामा, खरेदीखत, दवाखान्याची फाईल इथे ठेवता येते. १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल आणि फोटोंसह मिळून. पासवर्डसोबत दुहेरी पडताळणी चालू करा. दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर गूगल ते बंद करून आतलं सगळं पुसू शकतं.

३. पेन ड्राइव्ह : एक प्रत पासवर्ड लावून पुण्या-सोलापुरातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. दोन्ही घरांवर एकाच दिवशी संकट येणं अवघड. पेन ड्राइव्हही खराब होतो, म्हणून वर्षातून एकदा लावून बघा.

दादा-परदादांचे कागद आधी

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे अनेक घरांतले जमिनीचे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला मराठवाड्यातली अशीच दप्तरं उघडावी लागली, तेव्हा त्यांची किंमत सगळ्यांना कळली. घरातला असा कागद कदाचित कुठल्याच पोर्टलवर नसेल. म्हणून स्कॅनिंगची सुरुवात त्याच्यापासून करा. दोन्ही बाजू घ्या, घडीवरची अक्षरंही वाचता आली पाहिजेत. वाचू शकणारे बुजुर्ग हयात असतील, तर मजकूर मराठीत लिहून घ्या. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद मात्र टाकू नका.

इथे चुकू नका

झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअॅपने पाठवलेली फाईल त्यांच्या कॉम्प्युटरवर राहते. काम झालं की समोर डिलीट करून घ्या. खानदानाच्या ग्रुपवर आधार टाकू नका. जिथे चालतं तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या. ओटीपी कुणालाही सांगू नका.

स्कॅन करता करता नावंही ताडून बघा. एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शैख, इंग्रजीत तिसरंच काही, हे आपल्याकडे नेहमीचं. आधारशी नाव जुळलं नाही तर डिजिलॉकरमध्ये काही कागद येतच नाहीत. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून गरज पडायच्या आधीच अर्ज करा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेलं जपणं हीसुद्धा अमानतच. येत्या जुम्म्यानंतर तासभर काढा, घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला सोबत घ्या आणि पेटी उघडा. आणि हो, कोणता कागद कुठे ठेवलाय, हे अम्मीलाही माहीत असू द्या.