किरणोत्सव : मावळतीची किरणे अंबाबाईपर्यंत कशी पोहोचतात?

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळत्या सूर्याची किरणे थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुख उजळते, अशी परंपरा आहे.

हेच दिवस का?
देवी पश्चिमाभिमुख आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वाधिक दक्षिणेकडे मावळतो. त्याआधी आणि त्यानंतर सुमारे ४२ दिवसांनी मावळतीची जागा जवळपास एकच असते. तेव्हा सूर्य, महाद्वार, गरुड मंडप आणि गाभारा एका रेषेत येतात.

किरणे वर कशी चढतात?
सूर्य खाली जाईल तशी किरणे आडवी होतात. फरशीवरचा प्रकाश उंबरे ओलांडत आत सरकतो आणि मूर्तीवर चढू लागतो.

दर्शनाला जाताना
सूर्यास्ताच्या बरेच आधी पोहोचा. सोहळा काही मिनिटांचाच असतो आणि गाभाऱ्यासमोर जागा मोजकी. एका संध्याकाळी ढग आले, तर दुसरी हाताशी ठेवा.

अडथळे कोणते?
सूर्य क्षितिजाजवळ असल्याने धुके, धूळ, एवढेच काय, महाद्वारासमोरच्या बाजूचे एखादे वाढीव छप्पर, पाण्याची टाकी किंवा फलकही किरणे अडवतो. ढगांवर इलाज नाही. किरणांची वाट मोकळी ठेवणे मात्र कोल्हापूरकरांच्याच हातात आहे.